रेव्ह. डॉ. जॉन विल्सन आणि सर्वांस उघडे असलेले शाळेचे दार

मुंबईस चौपाटीवरून जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी विल्सन कॉलेजाची दगडी इमारत पाहिली असेल. ही इमारत इ. स. १८८९ साली पुरी झाली. ज्यांचे नाव तीस दिले आहे, ते गृहस्थ त्यापूर्वी चौदा वर्षे प्रभूच्या ठायी निजले होते. शहरातील मंडळ्यांस त्यांचे नाव ठाऊक आहे. पण त्या नावाचा आपल्या किनाऱ्याशी, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्याच्या समुद्रकाठाशी, किती निकटचा संबंध आहे हे खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस क्वचितच माहीत असते. म्हणून ह्या थोर पुरुषाचे चरित्र येथे संक्षेपाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉन विल्सन ह्यांचा जन्म स्कॉटलंड देशात लॉडर नावाच्या लहानशा गावी ११ डिसेंबर १८०४ रोजी झाला. घराणे शेतकऱ्याचे व धर्मनिष्ठ होते. मुलाची बुद्धी तीव्र असल्यामुळे अवघ्या चौदाव्या वर्षी तो एडिंबरोच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे धर्मज्ञानाचा अभ्यास करीत असताना हिंदुस्थानात जाऊन सेवा करावी अशी प्रेरणा त्यास झाली. इ. स. १८२८ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, त्याच वर्षी मार्गारेट बेन ह्या सुशिक्षित बाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि ती दोघे जहाजात बसून इ. स. १८२९ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस उतरली.

त्या काळी स्कॉटिश मिशनचे काम मुंबईत नव्हे, तर दक्षिणेस हर्णै व बाणकोट ह्या बंदरांत चालत असे. इ. स. १८२३ पासून त्या मिशनचे सेवक तेथे राहून गावोगाव शाळा चालवीत होते. बाणकोट हे सावित्री नदीच्या मुखाशी आहे. खाडीच्या अलीकडे श्रीवर्धन व हरिहरेश्वराचा आपला मुलूख, पलीकडे रत्नागिरी जिल्हा, आणि खाडीने वर गेले की महाड. विल्सन पतिपत्नी भाषा शिकण्यासाठी ह्याच भागात येऊन राहिली. ग्रंथांतून मिळणारी मराठी त्यांनी शास्त्र्यांपासून घेतली, पण जी मराठी लोकांच्या तोंडी असते ती कोकणच्या गावकऱ्यांत वावरूनच त्यांस अवगत झाली. वर्ष सरण्यापूर्वीच विल्सनसाहेब मराठीत उपदेश करू लागले व मुंबईस परत आले. पुढे संस्कृत, गुजराती, हिंदुस्थानी, फारशी अशा अनेक भाषा त्यांनी हस्तगत केल्या.

मुंबईस येताच त्यांनी जी कामे आरंभिली त्यांत पहिले काम बाईंचे होते. इ. स. १८२९ च्या डिसेंबरात मार्गारेट विल्सन ह्यांनी मुलींची शाळा उघडली. त्या वेळी मुलीने अक्षर गिरवणे म्हणजे घरावर संकट आणणे, असे मोठमोठ्या कुळांतील लोक मानीत. अमेरिकन मिशनच्या बाईंनी मुंबईत पाच वर्षांपूर्वीच अशी शाळा काढून वाट पाडली होती. विल्सनबाईंनी ती वाट रुंद केली. त्या स्वतः मराठी शिकल्या, त्यांनी आणखी शाळा काढल्या, आणि पोटच्या लेकराच्या मृत्यूचे दुःख सोसूनही काम सोडिले नाही. ह्या श्रमांनी त्यांची प्रकृती खंगली व १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला. पुढे त्यांच्या बहिणी स्कॉटलंडहून येऊन त्याच शाळांच्या कामास लागल्या. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्या मंडळ्यांत अजूनही मुलाच्या फीस पैसे निघतात आणि मुलीच्या फीची पाळी आली की घरात अडचण उत्पन्न होते. अशा घरांनी ह्या बाईंचे स्मरण करावे.

इ. स. १८३२ मध्ये विल्सनसाहेबांनी मुंबईत इंग्रजी शाळा काढली. हीच शाळा वाढत वाढत पुढे कॉलेज झाली. तिचा नियम असा होता की जो शिकावयास येईल त्यास जात व धर्म न विचारता घ्यावे. ब्राह्मण, प्रभू, पारशी, मुसलमान, यहूदी, ख्रिस्ती अशा सर्वांची मुले तीत शिकली. आज हा नियम आम्हांस साधा वाटतो. परंतु ह्यानंतर चोवीस वर्षांनी, इ. स. १८५६ साली, धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तेव्हा इतर मुले निघून जातील ह्या भयाने सरकारने त्यास दार उघडले नाही, आणि केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांस खुल्या आहेत हे तत्त्व ठरण्यास इ. स. १८५८ साल उजाडावे लागले. तत्त्व ठरल्यावरही गावोगावच्या शाळांत आमच्या वाडवडिलांना ओटीवर किंवा खिडकीबाहेर बसावे लागले, हे वृद्ध मंडळींच्या तोंडून आम्ही ऐकिले आहे. ह्यावरून सर्वांस उघडे असलेले दार त्या दिवसांत किती दुर्मिळ होते हे ध्यानात येईल. ह्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत जोतीराव फुले शिकले, आणि इ. स. १८४८ मध्ये त्यांनी स्वतः पुण्यास मुलींची शाळा काढिली.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा ह्या गावांत फार पुरातन काळापासून बेने इस्राएल लोकांची वस्ती होती. त्यांचे पूर्वज तारू फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बैल सोडीत. म्हणून लोक त्यांस शनवारतेली म्हणत. आडनावे गावांवरून, म्हणजे किहीमचे केहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर. बोली मराठी, पोशाख मराठी. सुंता, शब्बाथ व एका देवाची उपासना त्यांनी जपली होती, परंतु शास्त्राची मूळ इब्री भाषा बहुतेकांच्या हातून निसटली होती. शिवाय त्यांच्यातही गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद पडला होता आणि ह्या दोहोंत बेटीव्यवहार होत नसे. कोठल्याही मुलखाहून आलेली माणसे ह्या भूमीत राहिली की उच्चनीचपणा त्यांच्या घरात शिरतो, ह्याचे हे एक उदाहरण होय.

विल्सनसाहेबांनी ह्या लोकांविषयी मोठी आस्था धरिली. इ. स. १८३२ मध्येच त्यांनी इब्री भाषेच्या मूलतत्त्वांचे व्याकरण मराठीत छापिले. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांतून बेने इस्राएल शिक्षक काम करीतच होते. स्कॉटिश मिशनच्या शाळांतही त्यांची मुले येऊ लागली. साहेबांच्या मनात आशा अशी की हे लोक आपल्या पूर्वजांचे ग्रंथ मूळ भाषेत वाचतील आणि वाचता वाचता ख्रिस्ताकडे वळतील.

पण घडले निराळे. फारच थोडे वळले. बाकीच्यांनी इब्री भाषा शिकून घेतली आणि तिच्या बळावर आपलाच धर्म दृढ केला. योसेफ यहेज्केल राजपूरकर ह्यांनी इब्री प्रार्थनांची मराठीत भाषांतरे केली आणि ते मुंबई विद्यापीठाचे इब्रीचे परीक्षक झाले. हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनी इ. स. १८७५ मध्ये मुंबईत आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा स्थापिली. अलिबागेस व रेवदंड्यास त्यांची सभास्थाने उभी राहिली. इ. स. १९४८ नंतर ह्या लोकांपैकी बहुतेक इस्राएल देशास गेले, तरी ती सभास्थाने आजही आपल्या गावांत उभी आहेत.

प्रिय वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या हेतूने विद्या दिली तो हेतू सिद्धीस गेला नाही, तेव्हा देणाऱ्याने काय करावे? पुष्कळ जण अशा वेळी देणे आखडते घेतात. विल्सनसाहेबांनी तसे केले नाही. बेने इस्राएल मुलांस त्यांच्या शाळेचे दार पूर्वीप्रमाणेच मोकळे राहिले आणि इब्री भाषेच्या अभ्यासास ते अखेरपर्यंत उत्तेजन देत गेले. त्यांच्या ह्या वागण्यावरून आम्ही असे समजतो की विद्या हे गळाला लाविलेले आमिष नव्हे. ती देऊन टाकिल्यावर घेणाऱ्याची होते, आणि तिचा उपयोग कसा करावा हे त्याने व देवाने ठरवावयाचे असते.

ह्याहून कठीण प्रसंग इ. स. १८३९ मध्ये आला. त्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात बाप्तिस्मा घेतला. साऱ्या शहरात खळबळ उडाली. फिर्याद वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेली, आणि आपण स्वखुशीने आलो आहो असे त्या तरुणांनी सांगितल्यावर त्यांस मोकळे ठेविण्यात आले. परंतु पारशी मुले शाळेतून निघून गेली व इतरही पुष्कळ गेली. वर्षांच्या श्रमांनी भरलेली शाळा काही दिवसांत ओस पडल्यासारखी झाली. तीत पुन्हा मुले येण्यास बराच काळ लागला. इ. स. १८४३ मध्ये विल्सनसाहेब स्वदेशी गेले असता त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या हाताखाली नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या हवाली केले. मग मिशनच्या घरी राहिलेल्या ह्या मुलास ज्ञातीत परत घ्यावे की नाही ह्यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे असा पक्ष घेतला, त्याबद्दल त्यांसही लोकांचा रोष सोसावा लागला. एका कोवळ्या मुलाने कोणाच्या पंक्तीस जेवावे एवढ्यावरून दोन वर्षेपर्यंत शहरे हालत होती, इतके जातीचे बंधन बळकट होते.

त्याच इ. स. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली. सरकारी सत्तेच्या दाबाखाली नसलेली स्वतंत्र मंडळी असावी ह्या मताचे लोक वेगळे झाले, आणि विल्सनसाहेब व त्यांचे सोबती त्यांस मिळाले. त्यामुळे मुंबईतील शाळेची इमारत व साहित्य मागे सोडून त्यांस दुसऱ्या जागी नव्याने आरंभ करावा लागला. मुले मात्र आपल्या शिक्षकांच्या मागे आली.

आता वर्णभेदाविषयी. आपल्या किनाऱ्यावर जंजिऱ्याचा किल्ला आहे. तेथे हबशी वंशाच्या सिद्दींचे राज्य इ. स. १९४८ पर्यंत होते, म्हणून आफ्रिकेचा माणूस आम्हांस अगदी अनोळखी नव्हे. परंतु विल्सनसाहेबांच्या काळी त्याच समुद्रातून गुलामांची गलबते चालत, आणि युरोपातील कित्येक पंडित कातडीचा रंग व कवटीचा आकार पाहून मनुष्यजातीच्या पायऱ्या लावीत होते. विल्सनसाहेबांच्या शाळेत अबिसिनियातून आलेले गब्रू व मरिचा हे दोन भाऊ इतर मुलांबरोबर शिकत. साहेबांनी त्यांस आपल्याबरोबर स्कॉटलंडासही नेले. पुढे इ. स. १८६४ मध्ये प्रसिद्ध प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आपली लहान आगबोट घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांच्याबरोबर चुमा व वेकाटानी हे दोन आफ्रिकन मुलगे होते. तीन वर्षांपूर्वी गुलामांच्या तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. त्या मुलांस विल्सनसाहेबांच्या हाती सोपविण्यात आले. ती शाळेत शिकली, आणि इ. स. १८६५ च्या डिसेंबरात साहेबांनी त्यांस बाप्तिस्मा दिला.

ह्या चुमाची पुढील हकीकत जगास माहीत आहे. इ. स. १८६६ च्या आरंभी तो लिव्हिंग्स्टनबरोबर पुन्हा आफ्रिकेत गेला. इ. स. १८७३ च्या मे महिन्यात अगदी आतल्या रानात लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा चुमा, सूसी व त्यांचे सोबती ह्यांनी आपल्या धन्याचा देह व कागदपत्रे कित्येक महिने पायी चालत, रोगराई व शत्रू ह्यांतून, समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणिली. त्यामुळे तो देह लंडनास पोहोचून इ. स. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे पुरण्यात आला. गुलामांच्या साखळीत बांधिलेला पोरगा शाळेच्या बाकावर बसला, तर त्याच्या ठायी किती निष्ठा व कर्तृत्व प्रकट होऊ शकते, हे ह्यावरून दिसून येते. कवट्या मोजणाऱ्या पंडितांस ह्याहून चांगले उत्तर कोणते असणार?

विल्सनसाहेब विद्वान म्हणूनही मोठे होते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. गिरनारच्या शिलालेखाची नक्कल कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप ह्यांजकडे पोहोचविण्यात त्यांचा हात होता, आणि तिच्या साह्याने अशोक राजाची लिपी वाचणे सुलभ झाले. इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या घटनेत त्यांनी भाग घेतला व इ. स. १८६८ पासून दोन वर्षे ते त्याचे कुलगुरू होते. लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ जमविलेल्या निधीतून विद्यापीठात भाषाशास्त्रावरील व्याख्याने सुरू झाली, आणि इ. स. १८७७ मध्ये ती व्याख्याने देण्याचा मान रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांस मिळाला.

चरित्र सांगताना केवळ स्तुती करणे आम्हांस योग्य वाटत नाही. विल्सनसाहेबांनी मोरभट दांडेकर वगैरे शास्त्र्यांशी वाद केले व हिंदू आणि पारशी धर्मांच्या खंडनार्थ ग्रंथ लिहिले. समोरच्याचे ग्रंथ मुळातून वाचल्याशिवाय ते वादास उभे राहत नसत, हे खरे. तथापि त्या ग्रंथांतील भाषा कित्येक ठिकाणी शेजाऱ्याच्या अंतःकरणास लागण्याजोगी आहे. इ. स. १८५७ च्या बंडात सरकारने पकडलेली निरनिराळ्या लिप्यांतील पत्रे त्यांनी सरकारासाठी वाचून दिली. उपदेशकाने राज्यसत्तेच्या इतक्या जवळ उभे राहावे काय, असा प्रश्न आज विचारला तर तो अयोग्य म्हणता येणार नाही. ज्या पुरुषाने मंडळी सरकारी दाबापासून मोकळी असावी म्हणून आपली इमारत सोडिली, त्यानेच हे काम केले. थोर माणसेही आपल्या काळाच्या सावलीत वावरत असतात, हे ओळखून त्यांजकडून शिकावे.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते हिंदुस्थानातील जातिभेदावर मोठा ग्रंथ लिहीत होते. जातींची उत्पत्ती, त्यांविषयीचे शास्त्रवचन आणि प्रत्यक्ष चालणारा आचार, ही सर्व माहिती त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केली होती. ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेविला. त्या वेळी त्यांचे वय एकाहत्तर वर्षांस दहा दिवस कमी इतके होते, आणि त्यांपैकी शेहेचाळीस वर्षांपूर्वी ते ह्या देशात आले होते. त्यांस मुंबईच्याच भूमीत पुरले. जातिभेदावरील त्यांचा अपुरा ग्रंथ इ. स. १८७७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

तो ग्रंथ अपुरा राहिला, तसे जातिभेद मोडण्याचे कामही अपुरेच आहे, आणि ते आमच्याच दाराशी पडले आहे. नारायण शेषाद्री ब्राह्मण कुळातले. ते पुढे जालन्याकडे जाऊन मांग बंधूंमध्ये राहिले व त्यांच्यासाठी त्यांनी बेथेल हे गाव वसविले. त्यांनी जे मोडिले ते आम्ही आमच्या मंडळीत पुन्हा बांधीत तर नाही ना? सोयरीक ठरविताना बाप्तिस्म्याच्या आधीची जात आम्ही हळूच विचारतो. प्रभुभोजनास एका प्याल्यातून पितो आणि घरी गेल्यावर कोणाकडे पाणी घ्यावे ह्याचा हिशेब करितो. एका कुळाचा मुलगा शिकून मोठा झाला, तर दुसऱ्या कुळाचे लोक त्याच्या आजोबाचा धंदा काढितात. शाळेत आमच्या मुलास दूर बसविले तर आम्ही रागावतो आणि तो राग न्याय्य असतो. पण पाड्यावरचा कातकरी मुलगा रविवारच्या शाळेत आला, तर त्यास चटईवर मध्यभागी जागा मिळते की दाराशी, हे प्रत्येक उपदेशकाने ह्याच रविवारी डोळे उघडे ठेवून पाहावे.

विल्सनसाहेबांजवळ विद्या, मान व मोठमोठ्यांचा परिचय होता. आमच्यापैकी बहुतेकांजवळ ह्यांतले काही नाही. परंतु आल्या मुलास जात न विचारता जवळ बसविणे व त्याच्या हाती पाटी देणे, आणि तो आपला झाला नाही तरी ती पाटी परत न मागणे, ह्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. तेवढे करण्याची बुद्धी व धैर्य देवबाप आपल्या किनाऱ्यावरील प्रत्येक मंडळीस देवो, अशी आमची प्रार्थना आहे.